तोतया, तह आणि 'परमिशन डिनाइड'

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वडगाव मावळात पाऊस लागला होता आणि लाईट दोनदा जाऊन परत आली होती. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती: 'परमिशन डिनाइड'.

पलीकडे एक सर्व्हर होता. मावळातल्या एका दूध-संकलन केंद्राचा हिशेब त्यावर चालतो. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, उचल किती घेतली, हे सगळं त्यात असतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं. सकाळी सहाला गवळी केंद्रावर येणार आणि त्याआधी बिलांची यादी तयार हवी. केंद्रवाले काका दहालाच फोनवर म्हणाले होते, "बाळा, उद्या शाळेच्या फियांचा दिवस आहे लोकांचा. उशीर नको करू." यादी तयार करायची तर सर्व्हरमध्ये शिरायला हवं, आणि सर्व्हर मला आत घेत नव्हता.

तो डेडिकेटेड सर्व्हर आहे. म्हणजे चाळीतली एक खोली नव्हे, अख्खा बंगला आपल्या एकट्याच्या नावावर. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगमध्ये बिघडलेलं बघायला कंपनीचा माणूस असतो. इथे भाडं भरलं की दार, कुलूप आणि पहारा सगळं आपण बघायचं. आणि हा बंगला आहे शेकडो किलोमीटर लांब. तिथे जाऊन दार ठोठावता येत नाही.

त्या एका रात्रीत मला चार वेगवेगळे एरर दिसले. नंतर लक्षात आलं, की त्या प्रत्येक एररमागे एक जुनी गोष्ट आहे. काही कॅलिफोर्नियातल्या, काही फिनलंडमधल्या, आणि दोन तर माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या, बोरघाटातल्या आणि खुद्द वडगावातल्या.

कनेक्शन टाइम्ड आउट

पहिल्या घाबरलेल्या दहा मिनिटांत मी जे करू नये ते केलं. वेगवेगळी युजरनेम टाकून पाहिली, पुन्हा पुन्हा. थोड्या वेळाने 'परमिशन डिनाइड' यायचंही बंद झालं. आता नुसतीच वाट पाहणं आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

याचा अर्थ एवढाच, की आपण हाक मारली आणि काहीच उत्तर आलं नाही. नकारसुद्धा नाही. रस्ता तुटला असेल, पत्ता चुकला असेल, यंत्र बंद असेल, किंवा मध्ये एखादी फायरवॉल आपली हाक गुपचूप गिळत असेल.

इंटरनेटच्या वाटेने दूरच्या यंत्रात शिरण्याचा इतिहास अशाच एका तुटलेल्या हाकेने सुरू होतो. २९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रा. लेनर्ड क्लाइनरॉक यांचा विद्यार्थी चार्ली क्लाइन बसला होता आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत, बिल डुवॉल. क्लाइनला पलीकडच्या यंत्रात लॉगिन करायचं होतं. त्याने 'एल' टाईप केलं, ते पोचलं. 'ओ' टाईप केलं, तेही पोचलं. 'जी' टाईप केलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या आर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणून आज जो सांगितला जातो, तो हाच अर्धवट 'लो'. डुवॉलने नंतर सांगितलेलं कारण साधं होतं. प्रोग्राम एका वेळी एकच अक्षर धरायला तयार होता. 'जी' येताच पलीकडच्या यंत्राने उरलेला शब्द स्वतःच पूर्ण करून परत पाठवला आणि जागा कमी पडली. दुरुस्ती झाली आणि सुमारे तासाभराने पूर्ण लॉगिन झालं.

पण ती दुरुस्ती तासाभरात झाली कशी? कारण दोघे त्या वेळी टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होते. 'एल दिसला का?' 'दिसला.' एक वाट बंद पडली तेव्हा दुसरी चालू होती, म्हणून बिघाड कुठे आहे ते कळलं. आर्पानेटवरच्या पहिल्या लॉगिनचा पहिला बिघाड दुसऱ्या वाटेने सुटला. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

मीही दुसरी वाट शोधली. घरचं ब्रॉडबँड बंद करून मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, तर लगेच उत्तर आलं, पुन्हा तेच 'परमिशन डिनाइड'. म्हणजे रस्ता ठीक होता आणि यंत्र जिवंत होतं. सर्व्हरवर मीच एक पहारेकरी प्रोग्राम बसवला होता. वारंवार चुकणाऱ्याचा पत्ता तो तासभर बाद करतो आणि त्याला उत्तरच देत नाही. त्याने मालकालाच चोर समजून घराबाहेर ठेवलं होतं. त्याची काही चूक नव्हती.

म्हणून टाइम आउट आला की आधी नेटवर्क बदलून बघा. दुसऱ्या वाटेने उत्तर आलं, तर भांडण सर्व्हरशी नाही, तुमच्या पत्त्याशी आहे.

कनेक्शन रिफ्यूज्ड

आतून बघता येत नसेल तर एक मार्ग उरतो. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधून सर्व्हर 'रेस्क्यू मोड'मध्ये चालू करायचा. म्हणजे सर्व्हरची नेहमीची व्यवस्था झोपवून, बाहेरून आणलेली एक छोटी व्यवस्था त्याच यंत्रावर उभी करायची आणि तिच्यातून आपली डिस्क उघडायची. मी बटण दाबलं. काही मिनिटं टाइम आउट आणि मग तिसरंच वाक्य: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

नवख्या माणसाला हे जास्त भीतीदायक वाटतं, पण खरं तर ही बरी बातमी आहे. 'रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्र जागं झालं, हाक पोचली, फक्त त्या खिडकीवर अजून कुणी बसलेलं नाही. लॉगिन घेणारी सेवा सुरू झाली नसेल, बंद पडली असेल, किंवा दुसऱ्या पोर्टवर बसली असेल.

आपल्याकडच्या एका पिढीने हा नकार कानांनी ऐकला आहे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य भारतीयांसाठी इंटरनेट सुरू केलं. आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मग थोड्याच काळात पुण्यातही. तेव्हाचं स्वस्त खातं म्हणजे 'शेल अकाउंट'. मोडेमने फोन लावायचा, निगमच्या मोठ्या यंत्रावर नाव आणि पासवर्ड देऊन शिरायचं आणि त्याच्यावर बसून ईमेल वाचायचे. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं असं खातं होतं, फक्त अक्षरं दाखवणारं. म्हणजे या पिढीसाठी इंटरनेट वापरणं हेच मुळात रिमोट लॉगिन होतं. फोन लागायचा नाही, लागला तर तुटायचा. सुरुवातीचा गोंधळ इतका होता, की निगमचे प्रमुख बी. के. सिंगल यांना जाहीर माफी मागावी लागली. अडचण बहुतेक वेळा माणसाच्या नावात किंवा पासवर्डमध्ये नसायची. खिडक्या कमी होत्या आणि रांग मोठी होती.

मी पाच मिनिटं थांबलो. खिडकीवर माणूस येऊन बसला, आणि चौथा एरर आला.

होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड

हा सगळ्यात आरडाओरडा करणारा एरर आहे. मोठ्या अक्षरांत तो सांगतो, की पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं. बहुतेक जण कुठूनतरी एक ओळ कॉपी करतात, जुनी नोंद पुसतात आणि पुढे जातात.

हा इशारा कुठून आला? शेल अकाउंटच्या काळातल्या टेलनेटमध्ये नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत वाहायचे. पोस्टकार्डावर तिजोरीचा नंबर लिहून पाठवण्यासारखं. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी कान लावून असेच पासवर्ड गोळा केले. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एक प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५मध्ये जगाला फुकट देऊन टाकला. त्याचं नाव एसएसएच. त्याला २२ नंबरचं पोर्ट मिळालं, फाइल पाठवणाऱ्या एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३च्या बरोबर मध्ये. आपल्याकडे टेलनेटच्या जमान्याचं दार उघडलं त्याच्या जेमतेम महिनाभर आधी फिनलंडमध्ये त्याचं कुलूप तयार झालं होतं.

इलोनेनच्या कुलपाने संभाषण तर गुप्त केलंच, शिवाय एक उलटा प्रश्न विचारला. फक्त सर्व्हरने माझी ओळख का तपासावी? मी सर्व्हरची का नको? म्हणून पहिल्या भेटीत तुमचं यंत्र सर्व्हरच्या किल्लीचा ठसा लिहून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो जुळवून बघतं. ठसा जुळला नाही की आरडाओरडा.

मध्ये बसून दुसऱ्याचं रूप घेणाऱ्याला मराठीत नेमका शब्द आहे, तोतया. आणि तो शब्द ज्या प्रकरणाने घराघरात पोचला, ते प्रकरण याच घाटात येऊन गेलं आहे. १७६१च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असल्याच्या वावड्या थांबल्या नाहीत. पुढे एक माणूस उभा राहिला आणि 'मीच भाऊ' म्हणाला. तो पकडला गेला, रत्नागिरीकडे कैदेत होता. १७७६ साली तो सुटला आणि त्याच्याभोवती बघता बघता फौज जमली. कोकणाचा मोठा भाग त्याच्या हाती गेला. तो बोरघाट चढून लोणावळ्याजवळच्या राजमाचीपर्यंत आला. महादजी शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या इतर सरदारांच्या फौजांनी त्याला मोडलं, आंग्र्यांनी पकडून पुण्याला दिलं आणि त्याला मृत्युदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे.

किल्लेदार आणि शिपाई इतके कसे फसले? ते मूर्ख नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी भाऊंना कधी जवळून पाहिलेलंच नव्हतं. जुळवून बघायला त्यांच्याकडे आधीचा ठसा नव्हता. नाव मोठं होतं आणि आशाही मोठी होती, तेवढ्यावर दारं उघडली. पुण्यात मात्र भाऊंना ओळखणारी माणसं होती. चौकशी झाली, आणि तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ठरला.

माझ्या बाबतीत ठसा बदलण्याचं कारण साधं होतं. रेस्क्यू मोड ही वेगळी व्यवस्था, तिची किल्ली वेगळी. पण 'साधंच असणार' असं म्हणून पुढे जाणं म्हणजे त्या फसलेल्या किल्लेदारांनी केलं तेच करणं. कंपनीच्या पॅनेलमध्ये त्या रेस्क्यू व्यवस्थेचा ठसा दिलेला असतो. तो शब्दशः जुळवला आणि मग आत शिरलो. जुळवायची वाट मात्र वेगळी हवी. तोतयालाच 'तूच भाऊ का' असं विचारून काय उपयोग?

पुन्हा 'परमिशन डिनाइड'

आता मी बंगल्यात होतो, निदान खिडकीतून. सर्व्हरच्या डिस्कवर लॉगिनची नोंदवही असते. बाहेरच्या माणसाला सर्व्हर मुद्दाम कारण सांगत नाही, कारण चोराला 'किल्ली बरोबर पण खोली चुकली' असं कशाला सांगायचं? खरं कारण आतल्या वहीत लिहिलेलं असतं. अडचण अशी, की ती वही वाचायला आधी आत जावं लागतं.

वहीत लिहिलं होतं, की माझ्या घरच्या फोल्डरची मालकी किंवा परवानगी बिघडलेली आहे, म्हणून किल्ली नाकारली.

मग दुपार आठवली. केंद्रावरच्या मशीनमधून फाइल चढत नव्हती. 'लिहिण्याची परवानगी नाही' असं येत होतं. मी वैतागून त्या अख्ख्या फोल्डरला ७७७ परवानगी दिली होती. म्हणजे कुणीही वाचा, कुणीही लिहा, कुणीही चालवा. फाइल चढली, मी चहा प्यायला गेलो. पण कोणाच्या किल्लीने दार उघडायचं याची यादी त्याच फोल्डरमध्ये असते. जिथे कुणीही लिहू शकतो, तिथल्या यादीत माझं नाव मीच लिहिलंय हे सर्व्हरने कशावरून मानायचं? त्यामुळे माझी किल्ली खरी असूनही तिला अधिकार राहिला नव्हता.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि संगणकाच्या जगात त्यांना दोन वेगळी नावं आहेत. ऑथेंटिकेशन म्हणजे 'तू तोच का?' आणि ऑथरायझेशन म्हणजे 'तू तोच असशील, पण तुला अधिकार आहे का?' पहिल्या प्रश्नाची गोष्ट राजमाचीत घडली. दुसऱ्याची वडगावात, तीनच वर्षांनी.

गावात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत महादजी शिंद्यांचा पुतळा आणि विजयस्तंभ आहे. शाळेत असताना आम्हाला तिथे नेऊन सांगायचे, की इंग्रजांनी इथे शरणागती पत्करली. ते खरं आहे. १७७८च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पेशवाईवर बसवायला निघाले. सुमारे ३,९०० सैनिक आणि हजारो बैलांचा तांडा घेऊन ते घाट चढले, कूर्मगतीने. ९ जानेवारी १७७९ला तळेगावी पोचले, तर गाव जाळून रिकामं केलेलं. मराठ्यांनी पुढे दाणा-वैरण ठेवलीच नव्हती. ११च्या रात्री ते गुपचूप मागे फिरले, पण वाटेत गाठले गेले आणि वडगावात वेढले गेले. आता तह करण्याशिवाय मार्ग नव्हता.

इथे प्रश्न आला अधिकाराचा. मोहिमेबरोबरच्या समितीचा जॉन कारनॅक याच्या ओळखीबद्दल शंका नव्हती. पण १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबईला कलकत्त्याच्या देखरेखीखाली ठेवलं होतं. मराठ्यांना हे अनुभवाने माहीत होतं. १७७५चा सुरतेचा तह मुंबईने केला आणि कलकत्त्याने तो रद्द करून कर्नल अप्टनमार्फत १७७६चा पुरंदरचा तह केला. आता वेढ्यात सापडल्यावर समितीचा माणूस सांगू लागला, की कलकत्त्याच्या संमतीशिवाय तह करायचा अधिकार आम्हाला नाही. त्यावर मराठ्यांकडून विचारणा झाली, की मग अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवला आहे.

तह झाला. १७७३पासून घेतलेला मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज माघारी पाठवायची आणि दोन इंग्रज ओलीस ठेवायचे. समितीने त्या फौजेच्या कर्नल गॉडर्डला माघारीचा हुकूम लिहिला आणि घाट उतरून सुरक्षित होताच तो फिरवला. गॉडर्डने मराठ्यांना कळवलं, की मी कलकत्त्याचा हुकूम मानतो, मुंबईचा नाही, आणि तो थेट सुरतेला पोचला. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने तह मान्य केला नाही आणि मुंबईनेही अंग काढून घेतलं. कारनॅकला पुढे कंपनीने नोकरीतून काढलं. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं आणि १७८२मध्ये सालबाईच्या तहाने थांबलं. तो तह महादजींच्या मध्यस्थीने झाला, आणि या वेळी कलकत्ता स्वतः त्यात होतं.

विजयस्तंभ सांगतो ते खरंच आहे. रणांगण मराठ्यांनी जिंकलं होतं. पण सही करणाऱ्याचं नाव अधिकाराच्या यादीत नव्हतं, म्हणून कागद टिकला नाही. त्याची किंमत दोन्हीकडच्या, त्या तहाशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी तीन वर्षं मोजली.

पहाट

दुरुस्ती एका ओळीची होती. फोल्डरची परवानगी ७७७वरून ७५५ केली, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला. सर्व्हर नेहमीच्या व्यवस्थेत परत सुरू केला. किल्ली पहिल्याच फटक्यात चालली. घड्याळात सव्वातीन झाले होते. चारला बिलांची यादी निघाली. फाइल चढत नव्हती त्या मशीनसाठी वेगळं फोल्डर केलं, जे दुपारीच करायला हवं होतं.

त्या रात्रीनंतर मी काही सवयी लावून घेतल्या. कुलूप बदलताना आधीचं सत्र उघडं ठेवतो आणि नव्या किल्लीने दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघितल्याशिवाय ते बंद करत नाही. क्लाइन आणि डुवॉलकडे टेलिफोन होता, तशी दुसरी वाट आधीच चालू आहे का ते महिन्यातून एकदा तपासतो. सर्व्हरचा ठसा वहीत लिहून ठेवला आहे, कागदाच्या. आणि एरर आला की आधी तो शांतपणे वाचतो. उत्तरच नाही, की खिडकी बंद आहे, की ठसा चुकतोय, की अधिकार नाही? हे चार आजार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

सहाला केंद्रावर गेलो. पाऊस थांबला होता. कॅन घेऊन आलेली माणसं रांगेत उभी होती. काकांनी यादी हातात घेतली, पण पैसे देताना ती नुसती वाचली नाही. प्रत्येकाचं दुधाचं कार्ड मागितलं आणि आकडा जुळवला. एका पोराने वडिलांचं कार्ड पुढे केलं. काका त्याला लहानपणापासून ओळखतात, तरी म्हणाले, "तू त्यांचाच आहेस, माहितीये मला. पण पैसे तुझ्याकडे द्यायचे का, ते त्यांना फोन करून सांगायला लाव."

पोराने वडिलांना फोन लावला.